खालच्या पायरीपासून हुकात : उभ्या शिड्यांच्या कामाच्या नोंदी, ऑफ-सीझन २०२४

१८ एप्रिल

साखर कारखान्याचं गाळप संपलं आणि ऑफ-सीझनच्या कामांची यादी लागली. मिल रोलर, केन कॅरिअरची साखळी, बॉयलरच्या ट्यूबा, पॅनची साफसफाई. या गर्दीत चीफ इंजिनिअर साहेबांच्या हातची एक ओळ आहे: 'उभ्या शिड्या, सुरक्षा, सर्व विभाग.' जबाबदारीच्या रकान्यात माझं नाव. रकमेचा रकाना कोरा.

दिवसभर फिरून शिड्या मोजल्या. मिल हाउस, बॉयलिंग हाउस, बॉयलर, चिमणी, मोलॅसिसच्या (मळीच्या) टाक्या, डिस्टिलरी, पाण्याची उंच टाकी असं धरून ३७ भरल्या. त्यातल्या १४ शिड्या सहा मीटरच्या वर. या चौदापैकी एक सोडून सगळ्यांना गोल कड्यांचा पिंजरा आहे, त्यामुळे कागदोपत्री आपण सुरक्षित आहोत. मागच्या तपासणी अहवालात या सगळ्यांपुढे 'केज आहे, ठीक' असा शेरा आहे.

उंचीची यादी करून भागणार नाही असं फिरतानाच लक्षात आलं. वहीत चार रकाने आखले: कोण चढतो, किती वेळा चढतो, हातात काय असतं, आणि पावसात-अंधारात चढावं लागतं का.

२२ एप्रिल

रकाने भरताना यादीचा क्रमच उलटा झाला. सगळ्यांच्या डोक्यात चिमणी पहिली, कारण ती ६० मीटर. पण चिमणीवर वर्षातून मोजक्या वेळा माणूस जातो, आणि जातो तेव्हा चारचौघांना सांगून, तयारीनं जातो. मिल हाउसमधल्या ईओटी क्रेनची (वर रुळांवर फिरणाऱ्या विजेच्या क्रेनची) शिडी जेमतेम साडेआठ मीटर. सीझनमध्ये तिच्यावरून तिन्ही पाळ्यांचे क्रेन ऑपरेटर चढतात, चहाला उतरतात, पुन्हा चढतात. हातमोज्यांना ग्रीस, बुटांना बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, भुसा. त्या शिडीवर कधी काही झालं नाही म्हणून ती कोणाच्या डोळ्यांवर आलेली नाही.

दुसरा नंबर मोलॅसिसच्या दोन नंबर टाकीचा. अकरा मीटर. रोज सकाळी डिप घ्यायला, म्हणजे टेप सोडून आतली पातळी मोजायला, एक माणूस वर जातो. मोलॅसिसचा हिशेब उत्पादन शुल्कवाल्यांना द्यायचा असतो, तेव्हा डिप चुकवता येत नाही. पाऊस असो, धुकं असो.

क्रेनबद्दल माझं मत आजच लिहून ठेवतो: जिथे रोज पाच-सहा वेळा चढायचं तिथे शिडी नकोच, जिना करावा. दोरी, हूक, पट्टा हे सगळं ज्या ठिकाणी जिना बसत नाही तिथलं औषध आहे.

२४ एप्रिल

मोलॅसिस टाकीची शिडी आज हातानं चाचपून, हातोडीनं ठोकून पाहिली.

पायऱ्या २० मिलिमीटर गोल सळईच्या. मधोमध इतक्या घासल्यात की आरशासारख्या चमकतात. दोन पायऱ्यांमधलं अंतर ३० सेंटीमीटर, ते बरोबर आहे. घोटाळा मागच्या बाजूला आहे. सळई आणि टाकीचा पत्रा यांच्यात किमान १८ सेंटीमीटर मोकळी जागा हवी, तरच बुटाचा पुढचा भाग पूर्ण आत जातो. पण सातव्या पायरीपासून बाराव्या पायरीपर्यंत मागून वाफेची लाइन गेलीय, नंतर कधीतरी टाकलेली, वर लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण) गुंडाळलेलं. तिथे जागा उरलीय अकरा सेंटीमीटर. म्हणजे त्या सहा पायऱ्या माणूस चवड्याच्या टोकावर चढतो. लाइन टाकणाऱ्यानं शिडी पाहिली नाही आणि शिडी तपासणाऱ्यानं लाइन पाहिली नाही.

शिडी टाकीला धरून ठेवणारे आठ क्लीट. वरून तिसऱ्या क्लीटचा रंग फुगलेला दिसला. हातोडीच्या टोकानं खरवडला तर खाली पापुद्रे, वेल्डचा निम्मा टाका गंजून गेलेला. वर मॅनहोलमधून सांडलेलं मोलॅसिस ओघळत येतं ते नेमकं याच क्लीटवर साचतं. चिकट, आंबट, कायम ओलं. रंगवणाऱ्यानं दरवर्षी त्यावरच ब्रश फिरवला.

आणि शिडी वर जिथे संपते तिथे हाताला धरायला काही नाही. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या छताच्या पातळीला कापलेल्या. त्या छताच्या वर किमान एक मीटर, खरं तर ४२ इंच, जायला हव्यात. डिप घेणारे मामा इथे काय करतात ते त्यांच्याकडूनच करून घेतलं (कमरेला दोर बांधून). टेप गळ्यात, टॉर्च तोंडात. डावा तळवा छताच्या पत्र्यावर टेकवला, उजवा कोपर मॅनहोलच्या कडेला, आणि पोटावर सरकत वर. मी विचारलं, "मामा, पावसात?" म्हणाले, "पावसात पत्रा गुळगुळीत अस्तोय, सरकाय सोपं जातंय."

२ मे

पिंजऱ्यावरून चर्चा लांबत चालली होती. साहेबांचं म्हणणं, माणूस पडलाच तर कड्यांना अडकेल, पाठ टेकेल, पकडता येईल. फिटर मंडळींचंही तेच. म्हणून भंगारात पडलेल्या जुन्या टाकीच्या शिडीचा सहा मीटरचा पिंजऱ्यासकट तुकडा क्रेननं उभा केला, कॉलमला बांधला, भोवती दोरी मारून माणसं लांब ठेवली. ८० किलो वाळू भरून, जुन्या हार्नेसमध्ये (अंगाला बांधायच्या सुरक्षा-पट्ट्यांत) आवळून, हातपाय असलेला एक बाहुला शिवून घेतला होता.

साडेचार मीटरवरून पहिल्यांदा सोडला. कड्यांना खणखण घासत सरळ खाली. वेग कमी झाल्याचं डोळ्याला तरी जाणवलं नाही. त्या उंचीवरून मोकळी पडलेली वस्तू जमिनीवर ताशी ३४ किलोमीटर वेगानं आदळते, आणि हा आवाज त्याच जातीचा होता.

दुसऱ्यांदा थोडा मागे झुकवून सोडला. खांदा एका कड्याखाली गेला, कडं वाकलं, बाहुला उलटा होऊन डोकं खाली असा अडकला. थांबला म्हणायला थांबला. एक हात उभ्या पट्टीमागे असा पिळवटला होता की बघणाऱ्यांतला एक वेल्डर तोंड फिरवून निघून गेला.

साहेब काही बोलले नाहीत. संध्याकाळी फोन करून म्हणाले, "कोटेशन मागव." म्हणजे शिडीलगत खालपासून वरपर्यंत ताणायच्या तारेचं; हार्नेसला जोडलेली स्लीव्ह तिच्यावरून माणसाबरोबर सरकते आणि तो पडायला लागला की तार पकडते.

७ मे

लोकसभेचं मतदान. कामावर कोणी नाही, त्यामुळे वाचन.

पिंजऱ्याबद्दल बाहेर हा वाद कधीच मिटलाय. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी यंत्रणेनं २००४ साली एक संशोधन अहवाल काढला, त्याचं तात्पर्य हेच की पडणारा माणूस थांबवायला या कड्यांवर भिस्त ठेवता येत नाही. अमेरिकेत 'ओशा' या कामगार-सुरक्षा यंत्रणेनं नोव्हेंबर २०१६ मध्ये नियम बदलला: २४ फुटांपेक्षा, म्हणजे ७.३ मीटरपेक्षा उंच स्थिर शिडी १९ नोव्हेंबर २०१८ नंतर नवी बसवली तर तिला शिडी-सुरक्षा यंत्रणा किंवा वैयक्तिक फॉल अरेस्ट (पडत्या माणसाला अडवणारं साधन) हवं, नुसता पिंजरा चालणार नाही. आधीपासून पिंजरा असलेल्या शिड्यांना त्या नियमानं नोव्हेंबर २०३६ पर्यंतची मुदत दिली.

आपल्याकडे २०२४ साली लागू असलेला कारखाने अधिनियम १९४८, कलम ३२. उंचीवर काम करताना माणूस पडण्याची शक्यता असेल तर, जितकं व्यवहार्य आहे तितकं, कठड्यानं किंवा अन्य मार्गानं त्याच्या सुरक्षिततेची तजवीज करा. 'अन्य मार्गानं' या दोन शब्दांत सगळं बसतं. पिंजराच हवा असं कलम म्हणत नाही, आणि पिंजरा लावला की सुटलात असंही म्हणत नाही.

१५ मे

रंगकामाच्या ठेकेदाराच्या मुकादमाशी बोलणं झालं. त्याचा मुद्दा साधा: "साहेब, डबल लॅनयार्ड, दोन हुकांचा दोर, आहे की आमच्याकडं. एक हूक लावायचा, एक काढायचा. कशाला तारेचा खर्च?"

त्याला शिडीशी नेऊन हिशेब मांडला. अकरा मीटर म्हणजे ३६ पायऱ्या. दर दुसऱ्या पायरीला हूक बदलायचा तर चढताना १८ वेळा, उतरताना १८ वेळा, आणि प्रत्येक वेळी एक हात शिडीवरून सुटलेला. हूक मोठा, हातमोजा जाड. पहिल्या दिवशी माणूस करेल. चौथ्या दिवशी पाच पायऱ्यांनी एकदा करेल, आठवड्यानं वर गेल्यावरच करेल. यात त्याचा आळस नाही, पद्धतच अशी आहे की ती पाळली जात नाही.

आणि पाळली तरी? १.८ मीटरचा लॅनयार्ड पायाजवळच्या पायरीत अडकवलेला असताना माणूस सुटला, तर दोर ताणला जाईपर्यंतच ३.६ मीटरपर्यंत पडू शकतो. पुढे शॉक अब्सॉर्बर फाटत उलगडतो, तो पावणेदोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. शिडीच्या खालच्या निम्म्या भागात याचा अर्थ हूक लावूनही जमिनीवर. शिवाय पायरीची सळई माणसाचं वजन तोलायला वेल्ड केलेली असते, पडत्या माणसाचा झटका घ्यायला नाही.

मुकादमानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मग तारंवर झटका बसत नाही व्हय?" नेमका प्रश्न. बसतो, पण तारेवरची स्लीव्ह माणसाच्या छातीला टेकून चालते. स्लीव्ह आणि छातीची कडी यांच्यातलं अंतर ९ इंचांपेक्षा जास्त नको असा नियमच आहे. माणूस पडायला लागला की वेग धरायच्या आत स्लीव्हमधला दातेरी खटका, कॅम, तार चावतो. झटका छोटा राहतो कारण पडणंच छोटं राहतं.

२० मे

तीन कोटेशनं आली. दोघांनी आठ मिलिमीटरची स्टेनलेस तार दिलीय, वर अब्सॉर्बरवाला ब्रॅकेट, खाली टेन्शनर, मधे गाइड. एकानं कडक रेल. रेलचा खर्च तारेच्या जवळपास तिप्पट.

माझा निर्णय: टाक्यांना तार, चिमणीला रेल. साठ मीटर तार वाऱ्यात झोडपत राहते, गाइडमधून घासते, आणि तिच्यावर दोन-तीन माणसं एकाच वेळी चढवायची तर फार जपावं लागतं. रेलला हे त्रास कमी.

एका विक्रेत्याचं प्रमाणपत्र वाचताना थबकलो. स्लीव्हवर युरोपियन मानक ३५३ भाग १, पण २००२ ची आवृत्ती. ती आवृत्ती युरोपियन आयोगानं २०१० मध्ये मान्य यादीतून काढली, कारण त्या चाचणीत पास झालेली काही साधनं माणूस मागे झुकून किंवा बाजूला पडला तर तार पकडत नव्हती. जुनी चाचणी वजन सरळ खाली सोडून व्हायची, आणि शिडीवरून माणूस सहसा मागे कलंडतच पडतो. नवी आवृत्ती २०१४ ची. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "सर, माल तोच आहे, फक्त सर्टिफिकेट जुनं आहे." नवं सर्टिफिकेट आल्याशिवाय त्याचा लिफाफा पुढे सरकणार नाही.

३ जून

स्टोअरमधले हार्नेस तपासले. टांगलेले ४० नग. त्यात सात कंबरपट्टे निघाले, तेच जुने चामड्याचे. पडलेल्या माणसाचा सगळा झटका पोटावर घेणारी ही वस्तू अमेरिकेत फॉल अरेस्टसाठी १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे. ऑक्सिटॉर्चनं बकल कापून भंगारात टाकले. नुसते टाकले असते तर आठवड्यात पुन्हा कोणाच्या तरी कमरेला दिसले असते.

उरलेल्या ३३ पैकी छातीवर कडी असलेले फक्त सहा. बाकी सगळ्यांना पाठीवरच कडी. पाठीची कडी मचाणावर, छतावर कामाची. शिडीवर माणसाचं तोंड तारेकडे असतं, मग स्लीव्ह पाठीला जोडायची कशी? कोणीतरी लॅनयार्ड खांद्यावरून पुढे घेईल, दोन फुटांची ढील येईल, आणि स्लीव्हचं लॉक होणंच बोंबलेल. म्हणजे तारेच्या खर्चात छातीच्या कडीचे हार्नेस धरावे लागणार. ही ओळ एकाही कोटेशनमध्ये नव्हती.

आणखी एक. ज्या स्लीव्ह बघतोय त्यातल्या काहींची मर्यादा १०० किलो आहे. आपला हेड फिटर कपड्यांनिशी ९२ किलो भरतो, वजनकाट्यावर उभा करून पाहिला. त्याची हत्यारांची पिशवी अकरा किलो. १४० किलोची स्लीव्हच घ्यायची, आणि पिशवी दोरीनं वेगळी ओढायची. हेड फिटरनं एवढंच विचारलं की वजन नोटीस बोर्डावर लागणार का.

११ जून

पाऊस लागायच्या आत वेल्डिंग उरकायचं म्हणून घाई. टाकी रिकामी, धुतलेली, वायू तपासलेला, हॉट वर्क परमिट सही झालेलं. मोलॅसिस पेटत नाही, पण आंबलं की आत कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि पलीकडे डिस्टिलरी आहे. त्या बाजूच्या शिड्यांना वेल्डिंगची आग लावायचीच नाही असं ठरवलं, तिथे बोल्टचे क्लॅम्प.

आठही क्लीट बदलले. जिथे गंज होता तिथे आधी पत्र्याची जाडी मोजली, मग डबलर प्लेट (आधाराची जादा पट्टी), तिच्यावर क्लीट. वर मॅनहोलच्या कडेला एक गटारपट्टी वेल्ड केली, म्हणजे सांडलेलं मोलॅसिस शिडी सोडून बाजूनं ओघळेल. या प्रकल्पातलं सगळ्यात स्वस्त काम हेच असेल, आणि माझ्या मते सगळ्यात टिकाऊ.

वाफेची लाइन सरकवली. बॉयलिंग हाउसवाल्यांनी कुरकुर केली, पण केलं.

वरच्या टोकाला दोन्ही पट्ट्या ११०० मिलिमीटर वाढवल्या, छताच्या वर आल्यावर जरा बाहेर फाकवून, मधून माणूस जाईल अशा. मागे स्प्रिंगचं फाटक, आपोआप मिटणारं. तारेचा वरचा ब्रॅकेट या वाढवलेल्या भागापर्यंत नेला. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण एका विक्रेत्याच्या नकाशात तार छताच्या पातळीला संपत होती. तसं केलं असतं तर मामा पोटावर सरकतात त्याच क्षणी त्यांना हूक काढावा लागला असता. सगळी चढण सुरक्षित, आणि शेवटची उडी मोकळी. छतावर पाय टेकून, कठड्याच्या आत उभं राहून मग हूक काढता आला पाहिजे.

२७ जून

क्रेनचा जिना उभा राहिला. जुनी शिडी कापली. ऑपरेटर म्हणतो जिन्यानं अंतर वाढलं. वाढलंच.

२६ जुलै

पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडलीय. निम्मी माणसं गावाकडे घरातलं सामान हलवायला गेली. काम बंद. स्लीव्हचे खोके पंपहाउसमधून वरच्या स्टोअरला हलवले, बाकी काही नाही.

९ ऑगस्ट

दोन नंबर टाकीची तार ताणली. टेन्शनरचा दर्शक हिरव्यावर. मामांना पहिल्यांदा चढवलं.

चौथ्या पायरीवर स्लीव्ह अडकली. मामा वर बघतायत, आम्ही खालून. कारण सापडलं: ते सवयीनं शिडीपासून लांब, हात पसरून, अंग मागे टाकून चढतात. स्लीव्हला वाटतं माणूस पडतोय, ती तार चावते. छाती शिडीजवळ ठेवून चढलं की ती कुत्र्यासारखी निमूट मागून येते. हे शिकवायला अर्धा तास लागला, पण ज्याला शिकवलं नाही तो पहिल्याच दिवशी वैतागून हूक काढून चढेल. म्हणून प्रत्येकाला खालच्या तीन मीटरवर आधी चढ-उतार करायला लावायचं ठरलं.

दुसरी गोष्ट मामांच्या हाताला लागली. टेपवरून ठिबकलेलं मोलॅसिस तारेवर पडलं होतं, वाळून त्याचा खडा झाला होता. स्लीव्ह त्यावरून जाताना खरखर करते. असाच थर कॅमच्या दातांत बसला तर तो चावणार नाही, नुसता घसरेल. तेव्हा दर सोमवारी गरम पाणी आणि फडकं, तार पूर्ण पुसायची. तेल-ग्रीस अजिबात नाही. ग्रीस लावायचा मोह फिटर माणसाला आवरत नाही, म्हणून फलकावर मोठ्या अक्षरात तेवढंच लिहिलं.

खालच्या दोन मीटरमध्ये तार असून नसल्यासारखी आहे. तार ताणली जाते, अब्सॉर्बर उघडतो, तेवढ्यात पाय जमिनीला लागतात. तिथे आपल्या दोन हातांवरच मदार. शिडीच्या पायथ्याशी पडलेले अँगलचे तुकडे, पाइप, उलटी बादली सगळं हटवून तो चौकोन पिवळ्या रंगानं आखला.

आणि डिप? रडार लेव्हल मीटर मागवलाय. तो बसला की रोजची चढण आठवड्यावर येईल, फक्त पडताळणीपुरती. मामांना हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "मग एवढी तार कुणासाठी ताणली?" आठवड्यातून एकदा चढणारा माणूसच जास्त विसरतो, असं मी म्हणालो. त्यांना पटलं की नाही कळलं नाही.

२३ ऑगस्ट

आज लटकलेल्या माणसाला उतरवायची तालीम. माझ्या दृष्टीनं या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच होता.

स्लीव्हनं माणूस पकडला म्हणजे काम संपलं असं सगळे धरून चालतात. पण तो आता हार्नेसमध्ये टांगलेला आहे. मांड्यांचे पट्टे रुतलेले, पाय निश्चल, रक्त खाली साचतंय. शुद्धीवर असला तर पाय पायरीत रोवून तो स्वतःला सोडवेल. डोक्याला मार लागून निपचित पडला तर काही मिनिटांतच अवस्था गंभीर होऊ शकते. नगरपालिकेची अग्निशमन गाडी आमच्यापर्यंत पोचायला त्याच्यापेक्षा नक्कीच जास्त वेळ लागतो.

वाळूचा बाहुला सहा मीटरवर तारेला लटकवला. दोन फिटर खालून निघाले. आणि अडले. पिंजऱ्याचा आतला व्यास जेमतेम सत्तर सेंटीमीटर. बाहुल्यानं तो भरलेला. वाचवणारा माणूस त्याच्या बाजूनं वर जाऊच शकत नाही. खालून त्याचे बूट धरून ढकलता येतात, एवढंच. त्याला वर उचलून स्लीव्ह मोकळी केल्याशिवाय खाली आणता येत नाही, आणि वर उचलायला वर माणूस हवा.

मी म्हटलं, पिंजरा काढू. तार बसली आहे, आता तो फक्त अडचण आहे; शिवाय पडता माणूस कड्यात रुतून बसला तर स्लीव्हवर पुरेसा भार येणारच नाही. साहेबांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं, उद्या तपासणीला कोणी आलं आणि पिंजरा दिसला नाही तर आधी त्याचं उत्तर द्यावं लागेल, तारेचं कोणी विचारणार नाही. मला हे पटलेलं नाही. पण त्यांचीही अडचण खोटी नाही.

मग वाट वरून काढली. एक नंबर टाकीला जिना आहे, आणि दोन्ही टाक्यांच्या छतांमधे पाइप ब्रिज. त्या ब्रिजवर जाळी आणि कठडा टाकला की छतावर जिन्यानं पोचता येतं. छतावर शिडीच्या डोक्याशी स्वतंत्र अँकर, त्याला चारास एक (चौपट जोर देणारी) कप्पी आणि डिसेंडर (दोर सावकाश सोडणारं साधन) असलेला दोर कायम पेटीत गुंडाळून तयार. पुन्हा तालीम: दोघं जिन्यानं वर, कप्पीचा हूक खाली सोडला, लांब काठीनं बाहुल्याच्या कडीत अडकवला, हातभर वर ओढला, स्लीव्ह सुटली, सरसर खाली. पहिल्या खेपेला अकरा मिनिटं लागली, नंतर सरावानं सहावर आली. सीझनमध्ये दर महिन्याला एक तालीम, रात्रपाळीतही, असं सुरक्षा समितीच्या इतिवृत्तात घालून घेतलं. समितीतल्या कामगार प्रतिनिधीनंच 'रात्रपाळीतही' हे शब्द घालायला लावले.

परमिटवर एक ओळ वाढली: वर चढणाऱ्याबरोबर खाली दुसरा माणूस हजर. एकट्यानं डिप बंद.

१२ सप्टेंबर

गणपतीमुळे माणसं तुरळक. पाण्याच्या उंच टाकीच्या तळाला आग्या मोहोळ, एक नाही, चार. साखर कारखान्याच्या आवारात हे नवीन नाही. पण तारेला जोडलेला माणूस माशा उठल्यावर भराभर उतरू शकत नाही, घाबरून मागे झुकला की स्लीव्ह चावते आणि तो तिथेच अडकतो. मोहोळं हलवणाऱ्या माणसाला बोलावलंय. तोपर्यंत शिडीच्या पायथ्याला कुलूप. चढण्याआधीच्या तपासणीत 'वर बघा, मोहोळ' ही ओळ घातली. कुठल्याच परदेशी चेकलिस्टमध्ये ती मला सापडली नाही.

२५ सप्टेंबर

चिमणीची रेल पूर्ण. तीस मीटरवर सॅम्पलिंगचा (धुराचे नमुने घ्यायचा) प्लॅटफॉर्म, त्याच्या खाली-वर दोन विश्रांतीचे टप्पे. साखर आणि डिस्टिलरी दोन्ही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या १७ अतिप्रदूषक उद्योगांच्या यादीत, त्यामुळे धुराचं मोजमाप करणारा ऑनलाइन अ‍ॅनालायझर तिथे कायमचा बसलाय. म्हणजे वर्षातून मोजक्या वेळा ही माझी एप्रिलमधली नोंद आता जुनी. अ‍ॅनालायझरचं फिल्टर तुंबलं की इन्स्ट्रुमेंटचा पोरगा वर जाणार.

काँक्रीटमधले अँकर बोल्ट ओढून तपासले. तीन ठिकाणी जुनं काँक्रीट भुसभुशीत लागलं, तिथे जागा बदलून नवे मारले. त्या तीन जागा नकाशावर लाल.

९ ऑक्टोबर

बॉयलर अग्निप्रदीपन झालं. संचालक मंडळ, नारळ, पेढे. साहेबांनी पाहुण्यांना नवा जिना दाखवला.

दुपारी बाहेरच्या प्रयोगशाळेची दोन मुलं चिमणीचं सॅम्पलिंग ठरवायला जागा बघायला आली. हार्नेस स्वतःचे आणले होते, नवे, स्वच्छ, पाठीवर एकच कडी. गेटवर अडवलं. त्यातला मोठा म्हणाला, "सगळीकडं चालतं की हे." स्टोअरमधून छातीच्या कडीचे दोन दिले, खालच्या तीन मीटरवर दोनदा चढ-उतार करून घेतली, पंप आणि प्रोबची पेटी त्यांच्या खांद्यावरून काढून दोरीनं वर ओढली. चाळीस मिनिटं जास्त गेली. जाताना त्यांनी हार्नेसच्या लेबलचा फोटो काढून घेतला.

बाकी राहिलेलं: रडार मीटर अजून आलेला नाही, डिलिव्हरी महिनाअखेर. पाण्याच्या टाकीवर तार बाकी. डिस्टिलरीच्या दोन शिड्यांचे क्लॅम्प सैल वाटले, टॉर्क रेंचनं पुन्हा आवळायचे. प्रत्येक शिडीच्या पायथ्याच्या पाटीवर पुढच्या तपासणीची तारीख खडूनं नको, ठोकून घालायची. पिंजऱ्याचा विषय जानेवारीच्या सुरक्षा समितीसमोर पुन्हा ठेवतोय, तालमीच्या दोन्ही वेळच्या नोंदींसकट.